केळ्याची शुगर 108

गेल्या रविवारी पुंडलिकनगरला घरी गेलो तर अण्णा एकदम खुशीत. मनगट पुढे करून म्हणाले, "बघ, बोट टोचायची कटकट संपली. शुगर 112!" नवीन घड्याळ, दीड हजाराचं. खोक्यावर छापलंय: शुगर, बीपी, ऑक्सिजन, सगळं न टोचता.

मी ते काढून ओट्यावरच्या केळ्याला बांधलं. थोड्या वेळात आकडा आला, 108. नाडी 74. (केळ्याची तब्येत ठणठणीत आहे, काळजी नसावी.) मग जुन्या ग्लुकोमीटरवर अण्णांचं बोट टोचलं. 287. तीन आठवडे ते घड्याळात बघून रात्रीचं इन्सुलिन कमी घेत होते. हसू तिथेच थांबलं.

अण्णांचा प्रश्न मात्र रास्त होता: "कोरोनात बोटाला लावायचा तो ऑक्सिमीटर पण उजेडावरच चालायचा ना? मग हे का नाही?"

ऑक्सिमीटर चालतो, कारण हिमोग्लोबिनला रंग आहे. ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. नाडीच्या ठोक्यासोबत बदलणारा तेवढाच भाग वेगळा काढायची युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांना 1970 च्या दशकात सुचली. घड्याळातल्या हिरव्या दिव्यालाही रक्ताची ये-जा कळते, म्हणून नाडी मोजता येते. पण साखरेला रंग नाही. 100 मिलीलीटर रक्तात ती जेमतेम 100 मिलिग्रॅम, आणि तिची खूण पाणी, चरबी, प्रथिनं यांच्या गर्दीत हरवून जाते. प्रयत्न जोरात चालू आहेत. आपल्या सी. व्ही. रामन यांनी 1928 मध्ये शोधलेल्या परिणामावर अमेरिकेत एमआयटीमध्येही काम झालंय. पण ती प्रयोगशाळेतली यंत्रं, दीड हजारात मिळणारी नव्हेत. दंडावर चिकटवायचा सेन्सर बाजारात आहे, पण त्याचाही बारीक तंतू कातडीखाली जातोच.

अमेरिकेच्या एफडीएने 21 फेब्रुवारी 2024 ला स्पष्ट बजावलं होतं की न टोचता शुगर सांगणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही, वापरू नका. आपल्याकडे 1 एप्रिल 2020 पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आहेत. मग ही खोकी खुलेआम विकली कशी जातात? खाली बारीक अक्षरात 'वैद्यकीय वापरासाठी नाही' लिहिलं की सुटका?

अण्णांना मी रागावलो नाही. एक पट्टी पंधरा-वीस रुपयांना, दिवसातून दोनदा म्हणजे महिन्याचे हजार सहज जातात. पेन्शनीतून हा खर्च करणारा माणूस स्वस्त घड्याळाला भुलणारच. मनपाच्या आरोग्य केंद्रांतून इन्सुलिनवाल्या पेशंटला घरी वापरायला पट्ट्या मिळाल्या, तर निम्मी गिऱ्हाईकं तिथेच कमी होतील.

अन्न व औषध प्रशासनाकडे खोक्याच्या फोटोसह तक्रार देतोय. तुमच्या घरी असं खोकं असेल तर फोटो पाठवा, सोबत जोडतो. आणि औषधाचा डोस त्या आकड्यावर बदलला असेल, तर आजच डॉक्टरांना फोन करा.