रंग कीं शब्द ?

हल्लीं शाळांतून संगणकावर स्लाइड तयार करून पडद्यावर विषय मांडण्याचा प्रघात पडला आहे, व तो स्तुत्य आहे. मात्र विद्यार्थ्यांचा हात तेथें सर्वांत अधिक रमतो तो आकृत्यांचे रंग बदलण्यांत. आकृति निवडावी, रंगांची पेटी उघडावी आणि निळ्याचा गुलाबी करावा, ह्यास क्षणहि लागत नाहीं. ह्या हौसेस आमची हरकत नाहीं. परंतु रंग जेथें शोभेसाठीं नसून शब्दाचें काम करीत असतो, तेथें तो बदलणें म्हणजे अर्थच बदलणें होय, हें आम्हांस आग्रहानें सांगावयाचें आहे.

उदाहरण घरचेंच घेऊं. वडनेर भोलजीचा परिसर कपाशीचा; फवारणीचें औषध येथें पुष्कळांच्या घरीं येतें. त्याच्या डब्यावर शंकरपाळ्याच्या आकाराची एक खूण असते. कीटकनाशकांच्या १९७१ च्या नियमांनीं तिच्या खालच्या त्रिकोणाचे रंग ठरवून दिले: तांबडा म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे फार विषारी, निळा म्हणजे मध्यम विषारी आणि हिरवा म्हणजे किंचित विषारी. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, हेंहि ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. अशा प्रदेशांत ह्या खुणेची ओळख ही केवळ परीक्षेपुरती बाब नव्हे.

आतां समजा, एखाद्या विद्यार्थ्यानें पालकसभेसाठीं हे चार त्रिकोण स्लाइडवर काढले, आणि शेवटीं सजावट म्हणून सबंध स्लाइडांची थीम बदलली. त्याबरोबर चारहि त्रिकोण निळ्याच्या चार छटांचे झाले ! स्लाइड सुरेख दिसेल. पण तांबड्याच्या जागीं निळा पाहून घरीं गेलेला पालक कोणता बोध घेईल?

असें होण्याचें कारण साधें आहे. पॉवरपॉइंटमध्यें रंगांची पेटी उघडली असतां वर थीमचे रंग व खालीं 'स्टँडर्ड' रंग दिसतात. थीममधून घेतलेला रंग थीमबरोबर पालटतो. ती आकृति दुसऱ्याच्या स्लाइडांत नेली तर बहुधा तेथील रंग धारण करते. स्टँडर्ड रंग मात्र कायम राहतो. म्हणून शोभेचे रंग खुशाल वरून घ्यावे. अर्थाचे रंग खालून घ्यावे.

तथापि एवढ्यानेंहि काम पुरें होत नाहीं. कित्येकांस, विशेषतः मुलग्यांपैकीं कांहींना, तांबडा व हिरवा ह्यांतील भेद जन्मतःच नीट कळत नाहीं. शिवाय तीच स्लाइड काळ्या शाईंत छापली कीं सारेच रंग करडे होतात. यास्तव रंगाबरोबर शब्द किंवा वेगळा आकार हवाच. औषधाच्या खुणेंतहि वरच्या त्रिकोणांत धोक्याचा शब्द असतो, व अत्यंत विषारी औषधावर कवटी आणि हाडें असतात. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर शाकाहारासाठीं हिरवें व मांसाहारासाठीं तपकिरी, अशीं दोन्ही वर्तुळेंच असत. २०२० च्या नियमांनीं तपकिरी वर्तुळाच्या जागीं त्रिकोण आणला. रंग न ओळखणाऱ्यासहि आतां आकारावरून भेद कळतो. जी काळजी कायद्यानें घेतली, ती विद्यार्थ्यानें कां घेऊं नये ?

कोणी म्हणेल, मुलांच्या खेळावर एवढा विचार कशास ? आमचें उत्तर असें कीं, आजचे विद्यार्थीच उद्यां दवाखान्याचे तक्ते, पुराचे नकाशे व बाजाराचे आलेख काढणार आहेत. वहीवर लागलेली संवय कचेरींत सुटत नाहीं. पालकांस आमची विनंति एवढीच कीं, पाल्यानें स्लाइड दाखविली असतां, "छान आहे" एवढें म्हणून थांबूं नये, "हा रंग येथें कां?" असेंहि विचारावें. उत्तर "सुंदर दिसतो म्हणून" असें आलें, तर तो खुशाल बदलूं द्यावा. उत्तर "ह्याचा अर्थ आहे" असें आलें, तर शेजारीं तो अर्थ अक्षरांत लिहवून घ्यावा.