एक सही पुरत नाही!



पावसाळा लागला की यवतमाळ असो की वणी, 'इम्युनिटी वाढवा' म्हणणाऱ्या जाहिराती दिसू लागतात. वर्गातही आपण पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक एवढंच शिकवतो. मग मुलांना वाटतं, जितकी ताकद जास्त तितकं चांगलं. माझ्या मते हा धडा अर्धवट आहे. प्रतिकारशक्ती ताकदीपेक्षा सहमतीवर चालते.

शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यातून पैसे काढायला अध्यक्ष आणि मुख्याध्यापक, दोघांची सही लागते ना? टी-पेशीचंही तसंच आहे. डेंड्रायटिक पेशी तिला जंतूचा तुकडा दाखवते. तो ओळखला, ही पहिली सही. डेंड्रायटिक पेशीवरचा बी-७ रेणू टी-पेशीवरच्या सीडी-२८ ला जोडला गेला, की दुसरी. असे रेणू म्हणजे सहउद्दीपक रेणू. धोका जाणवला की डेंड्रायटिक पेशी बी-७ भरपूर पुढे करते. दुसरी सही मिळाली नाही तर टी-पेशी सुस्त पडते. ते बरंच आहे, नाहीतर ती आपल्याच शरीरावर उठली असती.

ऱ्हुमॅटॉइड संधिवातात नेमकं हेच होतं, हल्ला आपल्याच सांध्यांवर. तिथे अ‍ॅबाटासेप्ट हे औषध दुसरी सही अडवतं. उलट, २००६ साली लंडनमधल्या चाचणीत टीजीएन-१४१२ या औषधाने पहिल्या सहीशिवायच सीडी-२८ ला चेतवलं. औषध घेतलेले ६ निरोगी तरुण अतिदक्षता विभागात गेले. सुदैवाने सगळे वाचले.

आता आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार-१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. रक्ताच्या काही कर्करोगांत रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, बदलून परत देतात. जगात सुरुवातीला केलेल्या अशा पेशींत फक्त पहिल्या सहीची सोय होती, त्या शरीरात फार टिकत नसत. नेक्सकार-१९ मध्ये फोर-वन-बीबी या सहउद्दीपक रेणूचा भाग जोडलेला आहे.

म्हणून वर्गात 'सैनिक' जरूर सांगा, पण दोन सह्याही सांगा. दोन मुलं उभी करून हा खेळ दहा मिनिटांत होतो. आणि पालकहो, 'इम्युनिटी वाढवतो' म्हणणाऱ्या डब्यापेक्षा मुलाचं लसीकरण कार्ड आधी तपासा. कुठल्या जंतूवर आणि कधी, हे पेशींना लस शिकवते. डबा ते शिकवत नाही.