अर्ध्यावर मिटलेली कादंबरी

हाती घेतलेले पुस्तक शेवटपर्यंत वाचावे, असे आम्ही वर्गात मुलांना सांगत असतो. पण गेल्या महिन्यात एक कादंबरी आम्ही स्वतःच अर्ध्यावर मिटली, आणि ती पुन्हा उघडावी असे अजून वाटलेले नाही.

कादंबरी डेन्मार्कची, पीटर हॉग यांची. मूळ डॅनिश १९९२ सालची, आम्ही वाचली ती इंग्रजीतून: ‘स्मिलाज सेन्स ऑफ स्नो’. उत्तरेकडच्या देशांतल्या रहस्यकथांचे हल्ली फार नाव आहे. आमची पिढी इब्ने सफींच्या ‘जासूसी दुनिया’वर वाढलेली, त्यामुळे खून, पोलीस, संशयित म्हटले की हात आपोआप पुढे होतो.

सुरुवात तर अशी की चहा गार झाला. कोपनहेगनमध्ये हिवाळ्यात एक लहान मुलगा गोदामाच्या छपरावरून पडून मरतो. बर्फात पावलांचे ठसे आहेत ते त्याच्या एकट्याचेच. खेळता खेळता पडला, असे म्हणून पोलीस मोकळे. पण त्याच इमारतीत राहणारी स्मिला ते ठसे पाहते आणि तिला वेगळेच दिसते. या मुलाला उंचीची भीती होती. तो आपणहून तिथे जाणारच नाही.

स्मिलाची आई ग्रीनलंडची शिकारी, बाप डेन्मार्कचा श्रीमंत डॉक्टर. ग्रीनलंड १९५३ पर्यंत डेन्मार्कची वसाहत होती. तिथून आलेल्या माणसांकडे कोपनहेगन कसे बघते, हे लेखकाने फार बारकाईने लिहिले आहे. बर्फ वाचण्याचे जे ज्ञान स्मिलाकडे आईकडून आले, ते पोलिसांच्या लेखी शून्य.

आणि तो मुलगा, इसाया. बाप गेलेला, आई दारूत बुडालेली, अंगाला वास. तो स्मिलाच्या दाराशी येतो आणि काहीतरी वाचून दाखव म्हणतो. ती त्याला काय वाचून दाखवते? युक्लिडची भूमिती! इथे आम्ही थोडा वेळ पुस्तक बाजूला ठेवले. अशी मुले प्रत्येक शिक्षकाच्या वर्गात असतात, मागच्या बाकावर. त्यांना जवळ बसवायला कुणाला सवड नसते. या मुलाचे काय झाले ते कळलेच पाहिजे, म्हणून आम्ही रात्री जागून वाचत होतो.

मग स्मिला बोटीवर चढते. शहराचा भाग संपून समुद्राचा सुरू होतो आणि कादंबरीचा नूरच पालटतो. बंद खोल्या, लपाछपी, मारहाण, कंपनीचे कारस्थान, यंत्रांची वर्णने. कोण कुणाच्या बाजूचा, हे आठवायला आम्हाला मागची पाने चाळावी लागली. तेही चालले असते. पण पानेच्या पाने उलटली तरी इसायाचे नाव क्वचितच येऊ लागले. ज्याच्यासाठी आम्ही निघालो होतो तो मुलगा धक्क्यावरच राहिला, असे वाटले. एका गरीब पोराचे मरण म्हणजे मोठ्या कारस्थानाचे नुसते दार ठरावे, हे आम्हाला पटेना. त्या पोलिसांनी तरी वेगळे काय केले होते?

एवढे जाड पुस्तक संपवणे हे काही फर्ज नव्हे.

पहिला भाग मात्र मोठ्यांनी जरूर वाचावा. आठवी-नववीच्या मुलांच्या हाती देऊ नये, काही प्रसंग त्यांच्या वयाचे नाहीत. आणि शेवट ज्यांना ठाऊक असेल त्यांनी एवढेच कळवावे, इसाया पुन्हा येतो का?