परदेशी निघालेले पार्सल

व्यापारी घरांना माल पाठवणे नवे नसते. बिल्टी कशी करावी, गाठोडे कसे शिवावे, वाटेत माल अडला तर कोणाकडे चौकशी करावी, हे दुकानावर सुट्टीपुरता बसणारा शाळकरी मुलगाही जाणतो. तरीही याच घरांतून परदेशातील मुलामुलींसाठी निघालेली पार्सले वारंवार अडतात, परत येतात किंवा घेणाऱ्याला भुर्दंड लावून जातात. दुकानाचा माल रवाना करताना जी काटेकोर नजर असते, ती घरच्या पार्सलाच्या वेळी बाजूला ठेवली जाते. लेकीला खाऊ पाठवायचा, त्याला कसली आली यादी आणि कसली आली किंमत, असा त्यामागे भाव असतो. सीमेवरच्या अधिकाऱ्याला मात्र हा भाव दिसत नाही. त्याच्यासमोर असतो तो पार्सलाबरोबर आलेला सीमाशुल्काचा फॉर्म.

जगभरच्या टपाल खात्यांना बांधणारी युनिव्हर्सल पोस्टल युनियन ही संघटना १८७४ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे स्थापन झाली. भारत १८७६ पासून तिचा सदस्य आहे आणि आज तिचे १९२ सदस्य देश आहेत. एका देशाने स्वीकारलेले टपाल दुसऱ्या देशाने आपल्या पोस्टमनकरवी घरपोच करावे, हा त्यातला मूळ करार. बार्शीच्या पोस्टात दिलेला डबा मँचेस्टरच्या दारापर्यंत जातो तो या कराराच्या बळावर. परंतु डबा वाहून नेणे निराळे आणि तो देशात येऊ देणे निराळे. येऊ देण्याचा अधिकार ज्याचा त्याने आपल्याकडे ठेवला आहे, आणि तो निर्णय फॉर्मवरून होतो. लहान व कमी किमतीच्या वस्तूंसाठी सीएन २२ आणि मोठ्या पार्सलांसाठी सीएन २३ अशी त्याची दोन रूपे आहेत. १ जानेवारी २०२१ पासून ही माहिती संगणकाद्वारे आगाऊ पाठवण्याचा नियम झाला. म्हणजे पार्सल विमानात चढण्याआधीच त्यात काय आहे याचे वर्णन पलीकडच्या देशाला मिळालेले असते. पोस्टाच्या खिडकीवर घाईघाईने सांगितलेले दोन शब्द पार्सलाच्या पुढे धावतात, आणि मागाहून ते खोडून दुरुस्त करण्याची सोय उरत नाही.

घरी बसलेल्यांना मोबाइलवर एवढेच दिसते की पार्सल ‘कस्टम्समध्ये’ आहे. तिकडे काय घडत असते, याची कल्पना सहसा नसते. जर्मनीत शिकणाऱ्या मुलाला कधी कधी पार्सलाऐवजी एक पत्र येते: वस्तू सीमाशुल्क कार्यालयात आहे, ओळखपत्र आणि किमतीचा पुरावा घेऊन यावे. कार्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला आणि त्याची वेळ कामाच्या दिवसांतली, म्हणजे एक व्याख्यान तरी बुडाले किंवा अर्धी रजा तरी गेली. तेथे पार्सल समोर ठेवले जाते आणि ते त्या मुलालाच उघडावे लागते. आईने तीन थरांत गुंडाळलेल्या खोक्यातून एकेक वस्तू काउंटरवर येते. खाखऱ्याची पाकिटे, डिंकाचे लाडू, स्वेटर, थंडीसाठी कानटोपी, आणि तळाशी वर्तमानपत्राच्या पुडीत बांधलेली, कसलेही नाव नसलेली पिवळसर पूड.

ती वासक्षेपाची पुडी असते. महाराजसाहेबांच्या हातून घेतलेली, परीक्षेच्या आधी पोहोचावी म्हणून मुद्दाम धाडलेली. अनोळखी पूड पाहून अधिकारी थबकला, तर त्यात त्याचा दोष नाही. त्याचे काम तेच आहे. संकोच होतो तो मुलाचा. अपुऱ्या जर्मनमध्ये, मागे रांग उभी असताना, आपल्या घरच्या श्रद्धेची वस्तू त्याला संशयाच्या सुरात समजावून सांगावी लागते. चंदनाची पूड, पूजेसाठी, खाण्यासाठी नाही, एवढे शब्द इंग्रजीत छापून ती छोट्या बंद डबीत घातली असती आणि फॉर्मवरही तेच लिहिले असते, तर बहुधा प्रश्न तेथेच मिटला असता.

फॉर्मवर सर्रास लिहिला जाणारा शब्द म्हणजे ‘भेटवस्तू’. पाठवणाऱ्याला वाटते की हा शब्द म्हणजे कर न लागण्याचा परवाना. प्रत्यक्षात त्याला दोन अटी आहेत. पहिली अट वर्णनाची. भेट असली तरी आत नेमके काय, किती आणि किती किमतीचे, हे लिहावेच लागते. जीएसटीच्या पावतीवर दुकानदार रोज जो एचएसएन क्रमांक लिहितो, त्याचे पहिले सहा अंक जगभर तेच असतात. ज्या घरात हा क्रमांक तोंडपाठ आहे, त्या घराला पार्सलाचे वर्णन करणे अवघड जाऊ नये. दुसरी अट व्यापारी घरांसाठी अधिक महत्त्वाची आहे. भेटीची सवलत मिळते ती एका खासगी व्यक्तीने दुसऱ्या खासगी व्यक्तीला, मोबदला न घेता, वैयक्तिक वापरासाठी पाठवलेल्या वस्तूला. युरोपीय संघात अशी भेट ४५ युरोपर्यंत, तर ब्रिटनमध्ये ३९ पौंडांपर्यंत करमुक्त येते. पण पार्सल बांधले जाते दुकानात, नोकराच्या हातून, आणि प्रेषकाच्या जागी सवयीने उमटतो पेढीचा रबरी शिक्का. ‘अमुक ट्रेडर्स’कडून आलेली वस्तू तिकडच्या नजरेत व्यापारी माल ठरण्याचा धोका असतो. व्यापारी मालाला युरोपीय संघात पूर्वी २२ युरोपर्यंत मूल्यवर्धित कराची सूट होती. ती १ जुलै २०२१ पासून संपली. वडिलांनी स्वतःचे नाव आणि घरचा पत्ता लिहिला असता तर जी वस्तू मोकळी सुटली असती, तिच्यावर एका शिक्क्यापायी कर आणि वर टपाल कंपनीचे हाताळणी शुल्क लागते. ते भरणारी असते मुलगी.

आणि ती हे घरी सांगत नाही. शंभर रुपयांच्या चिवड्यासाठी हजार रुपये मोजले, हे कळले तर आईच्या जिवाला लागेल, म्हणून ‘मिळाले, सगळे छान होते’ एवढाच निरोप येतो. पुढच्या सणाला तसेच पार्सल पुन्हा निघते. परदेशस्थ मुलांचे हे मौन घराघरांत आहे, आणि ते मोडण्याचे काम मोठ्यांनीच केले पाहिजे. ‘काही भरावे लागले का?’ हा प्रश्न व्यवहाराचा आहे. तो विचारण्यात कमीपणा नाही.

किमतीच्या रकान्यात तर जुनी सवय हात धरते. पाच हजारांची साडी पाचशेची लिहायची, म्हणजे तिकडे काही लागणार नाही, असा सल्ला पार्सल घेणारे एजंटही बिनदिक्कत देतात. हे कच्चे बिलच झाले. त्याचा पहिला तोटा असा की पार्सल हरवले तर भरपाईचा हिशेब लिहिलेल्या किमतीवर होतो. पाचशेच्या कागदावर पाच हजार मागता येत नाहीत. दुसरा तोटा असा की अधिकाऱ्याला शंका आली तर तो पुरावा मागतो घेणाऱ्याकडे, आणि भेट घेणाऱ्याजवळ पावती कोठून असणार? मग इकडून पावतीचा फोटो मागवला जातो. त्यावरची रक्कम फॉर्मशी जुळत नाही, आणि खोटे लिहिल्याचा ठपका परक्या देशात व्हिसावर राहणाऱ्या मुलाच्या नावाने आलेल्या पार्सलावर बसतो. श्रावकाच्या अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम आणि खोटी मापे हे दोन्ही मोजलेले आहेत, हे स्वाध्यायाला बसणाऱ्या घरांना वेगळे सांगायला नको.

एकाच खोक्यात जावई, मुलगी आणि नातू अशा तिघांच्या वस्तू असतील, तर ब्रिटनमध्ये एक सोय आहे. प्रत्येकाची भेट वेगळी बांधलेली, त्याच्या नावाची आणि फॉर्मवर स्वतंत्र नोंदलेली असेल, तर सवलतीची मर्यादा प्रत्येकाला वेगळी धरली जाते. खरे लिहून मिळणारी ही सवलत फार थोडे लोक घेतात.

अमेरिकेतील अनुभव २०२५ मध्ये सगळ्यांनाच आला. आठशे डॉलरपर्यंतच्या आयातीला तेथे असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्टपासून बंद होणार असल्याचे जाहीर झाले. शुल्क कोणी आणि कसे गोळा करायचे हे स्पष्ट नसल्याने विमान कंपन्यांनी माल घेण्यास असमर्थता दाखवली, आणि भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची पार्सल सेवा स्थगित केली. पत्रे आणि शंभर डॉलरपर्यंतच्या भेटी तेवढ्या चालू होत्या. महिनाअखेरीस त्याही थांबल्या. ते दिवस पर्युषणाचे होते. न्यू जर्सीत आठ दिवसांची तपश्चर्या करणाऱ्या सुनेसाठी इकडे पारण्याचे सामान बांधून तयार, आणि पोस्टाच्या खिडकीवर नकार, असे चित्र अनेक गावांत असणार. सेवा पुन्हा सुरू झाली ती १५ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाला पाच-सहा दिवस उरले असताना. शंभर डॉलरपर्यंतच्या भेटीला त्या वेळीही शुल्क नव्हते. त्यावरच्या मालाचे शुल्क मात्र इकडेच, पार्सल देताना आगाऊ भरण्याची पद्धत आली. लेकीच्या दारात अनपेक्षित बिल येण्यापेक्षा हे बरेच म्हणायचे.

काय पाठवू नये, हा प्रश्न सणासुदीला जास्त महत्त्वाचा ठरतो. ब्रिटन आणि युरोपीय संघ भारतातून दूध आणि दुधाचे पदार्थ टपालाने येऊ देत नाहीत. घरचे साजूक तूप आणि पेढे यांना तेथे प्रवेश नाही. ऑस्ट्रेलियात येणारे टपाल क्ष-किरणांनी आणि शिकवलेल्या कुत्र्यांकडून तपासले जाते. बी-बियाणे, रोपे आणि अन्न यांबाबत त्या देशाइतका कडक देश विरळा. औषधांचेही तसेच आहे. प्रवासात स्वतःपुरते औषध सामानात नेता येते, म्हणून ते टपालाने पाठवता येईलच असे नाही. जर्मनीत युरोपीय संघाबाहेरून खासगी व्यक्तीने टपालाने औषध मागवण्यास सहसा मनाई आहे. वैद्यांचे चूर्णही त्या अधिकाऱ्याला औषधच वाटते. सर्वांत जपण्याची वस्तू म्हणजे खसखस. आपल्याकडे ती अनारशावर सहज पसरली जाते, पण संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर येथे तिचा समावेश निषिद्ध पदार्थांत होतो, कारण ती अफूच्या झाडाची बी आहे. दुबईच्या जावयाला धाडलेल्या दिवाळीच्या डब्यातले अनारसे हा तेथे अमली पदार्थांच्या कायद्याचा विषय होऊ शकतो. ते अनारसे घरीच खावेत.

शिवाय लंडनच्या वेम्बलीत किंवा न्यू जर्सीच्या एडिसनमध्ये खाखरा, मुगाची डाळ आणि कांदा-लसूण नसलेला मसाला दुकानात मिळतो. खाखरा हलका असला तरी जागा खातो, आणि खासगी कुरियर लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये गुणून त्याला ५००० ने भागतात व त्या वजनाचे पैसे लावतात. जे तिकडे मिळतच नाही, तेच पाठवावे: आजीने विणलेले झबले, पाठशाळेतील पुस्तके, घरच्या पद्धतीने भाजलेला मुखवास. पुस्तकांवर ब्रिटनमध्ये मूल्यवर्धित कर शून्य आहे.

शेवटी पत्ता. आईवडील पाकिटावर ‘चि. सौ. पिंकी’ लिहितात, किंवा सासरचे नाव लिहितात; पासपोर्टवर असते माहेरचे. जर्मनीत बहुतेक इमारतींत सदनिकांना क्रमांक नसतात. पोस्टमन खालच्या घंटेवरील आडनाव वाचतो, आणि ते पार्सलावरच्या नावाशी जुळले नाही तर पार्सल परत जाते. दुसऱ्याच्या घरात खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या नावाखाली म्हणूनच घरमालकाचे नावही लिहावे लागते. संयुक्त अरब अमिरातीत टपाल परंपरेने घरी न येता पोस्ट बॉक्समध्ये येते, आणि तो बॉक्स बहुधा नोकरीच्या कंपनीचा असतो; तेव्हा कंपनीचे नाव आणि बॉक्स क्रमांक दोन्ही हवेत. त्यासोबत मोबाइल क्रमांक लिहावा तो घेणाऱ्याचा, तिकडचा, देशाच्या संकेतांकासह. दुकानाचा क्रमांक तेथे लिहिला, तर तिकडच्या पोस्टमनचा फोन रात्री दहा वाजता सांगलीत वाजेल, आणि दारात कोणी नाही असे समजून तो पार्सल घेऊन निघून जाईल.