हौसेचे जेवण आणि गरजेचे जेवण

पुण्याच्या नाना-भवानी पेठेतील घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आला आणि त्यामागोमाग अनेक व्यापारी कुटुंबे मुकुंदनगर, महर्षीनगर, बिबवेवाडी या भागांत स्थिरावली. आज या परिसरात सायंकाळी फेरफटका मारला, तर थोड्याथोड्या अंतरावर खाण्याचे एक तरी ठिकाण आढळते. उडपी उपाहारगृहे, पावभाजीच्या गाड्या, पंजाबी भाज्यांची वातानुकूलित हॉटेले, पिझ्झाची दुकाने, अमर्याद थाळीची भोजनगृहे, पोळी-भाजी केंद्रे असे सारे प्रकार येथे आहेत. पर्याय इतके वाढूनही घरोघरी एकच वाक्य ऐकू येते : बाहेरचे जेवण आता परवडत नाही. या तक्रारीत तथ्य किती आणि सवय किती, हे एकदा हिशेबाच्या वहीत मांडून पाहण्यासारखे आहे.

आरंभ घरच्या ताटापासून करावा. क्रिसिल ही संस्था घरी शिजवलेल्या शाकाहारी थाळीचा खर्च दरमहा काढते. पोळी, भाजी, भात, डाळ, दही आणि कोशिंबीर एवढ्या जिनसा त्यात धरलेल्या असतात. अलीकडच्या वर्षांत हा खर्च सर्वसाधारणपणे २५ ते ३५ रुपयांच्या दरम्यान राहिला आहे. (कांदा-बटाटा महागला की ही थाळी महागते, जे घर कांदा-बटाटा आणतच नाही, त्याला त्या महिन्यापुरती एक चिंता कमी.) केंद्र सरकारच्या २०१९-२० च्या आर्थिक पाहणी अहवालात तर थाळीवर एक स्वतंत्र प्रकरणच होते. २००६-०७ ते २०१९-२० या काळात औद्योगिक कामगाराच्या मिळकतीच्या तुलनेत शाकाहारी थाळी २९ टक्क्यांनी अधिक परवडू लागली, असा निष्कर्ष त्यात काढला होता. म्हणजे घरचे ताट मिळकतीच्या मानाने स्वस्त होत गेले आणि तरीही हॉटेलातील ताट महाग वाटू लागले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, कारण हॉटेलच्या दरात धान्य-भाजीचा वाटा मुळातच लहान असतो.

उपाहारगृहाच्या व्यवसायात एक ठोकताळा आहे : विक्रीच्या दरापैकी कच्च्या मालावर साधारण एकतृतीयांश खर्च व्हावा. उरलेले दोनतृतीयांश जागेचे भाडे, आचारी-वाढपी-भांडीवाले यांचे पगार, वीज, १९ किलोचा व्यावसायिक गॅस सिलिंडर, तूटफूट आणि मालकाचा नफा यांत वाटले जाते. यांतील भाडे आणि पगार हे गिऱ्हाईक येवो वा न येवो, द्यावेच लागतात. मंगळवारी दुपारी रिकामे राहिलेले टेबलही भाडे मागते आणि ते भाडे रविवारी रात्री रांगेत उभ्या असलेल्या कुटुंबाकडून वसूल होते. पनीरच्या भाजीचा दर पाहून ‘एवढे पनीर तर डेअरीत निम्म्याहून कमी किमतीत मिळते’ असे म्हणणारा गृहस्थ चुकीचे बोलत नाही. तो फक्त पनीरचा हिशेब करतो. ज्या खुर्चीवर बसून बोलतो तिचा करीत नाही.

दर पटले वा न पटले, तरी बिल मात्र वाचलेच पाहिजे. दागिन्याच्या पावतीवरील घडणावळ बारकाईने तपासणारी मंडळी हॉटेलचे बिल न पाहता कार्ड पुढे करतात, हे नवल आहे. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला, तेव्हा वातानुकूलित हॉटेलांत तो १८ टक्के व साध्या हॉटेलांत १२ टक्के होता. १५ नोव्हेंबर २०१७ पासून दोन्हींसाठी तो ५ टक्के झाला. केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच अशा दोन ओळी बिलावर दिसतात, त्या याच. मात्र त्याच दिवसापासून हॉटेलचालकांना खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळणे बंद झाले. भाड्यावर भरलेला कर, यंत्रसामग्रीवर भरलेला कर, सारा खर्चात जमा झाला आणि पुष्कळ ठिकाणी मूळ दरपत्रकच वाढले. कर उतरूनही बिल फारसे का उतरले नाही, याचे उत्तर येथे आहे.

दुसरी बाब याहून कमी ठाऊक आहे. लहान हॉटेलचालकाला आपसमेळ योजनेत, म्हणजे व्यवहारात ज्याला कंपोझिशन म्हणतात त्यात, जाता येते. तो स्वतःच्या उलाढालीवर ठरावीक दराने कर भरतो. पण गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेण्याचा अधिकार त्याला नाही आणि तसे त्याच्या बिलावर छापलेले असावे लागते. अशा बिलात कराची ओळ दिसली, तर ती रक्कम देण्याचे कारण नाही. ज्याच्या बिलावर नोंदणी क्रमांकच नाही, त्याच्याबाबतही हेच.

तिसरी ओळ सेवाशुल्काची. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून, हे शुल्क बिलात आपोआप लावता येणार नाही, दुसऱ्या नावानेही लावता येणार नाही, असे स्पष्ट केले. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने २८ मार्च २०२५ रोजी ही तत्त्वे उचलून धरली. तरीही काही ठिकाणी ती ओळ असते. उदाहरणादाखल, चौघांच्या जेवणाचे १,६०० रुपये झाले आणि त्यावर १० टक्के सेवाशुल्क लागले, तर कर १,६०० वर न लागता १,७६० वर लागतो. बिल १,६८० ऐवजी १,८४८ होते. फरक १६८ रुपयांचा आहे. सौम्य शब्दांत सांगितल्यास व्यवस्थापक बहुधा ती ओळ काढून देतो. न काढल्यास १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक आहे. वाढप्याला मनापासून काही द्यावयाचे असेल, तर ते त्याच्या हाती द्यावे. तेथे कंजुषी नको.

पाण्याच्या बाटलीबाबत मात्र वाद घालून उपयोग नाही. हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीहून अधिक दर लावता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये ठरविले आहे. उकळलेले पाणी घरूनच सोबत नेणाऱ्या श्राविकांचा हा खर्च मुळातच वाचतो.

आता दरपत्रकातील ‘जैन’ या शब्दाकडे वळू. पंजाबी हॉटेलात कांदा-टोमॅटोचा मसाला सकाळीच मोठ्या पातेल्यात तयार होतो आणि दिवसभर दहा नावांच्या भाज्या त्यातूनच निघतात. जैन भाजीसाठी स्वतंत्र पातेले, स्वतंत्र कढई आणि आचाऱ्याचा वेगळा वेळ लागतो. ज्या भागात अशी मागणी भरपूर आहे, तेथे तो वेळ विभागला जातो व दर सारखा राहतो. जेथे दिवसाला दोनच गिऱ्हाइके जैन मागतात, तेथे एक तर पर्याय तुटपुंजे असतात किंवा ‘जैन’ म्हणजे वरून कांदा न घातलेली तीच भाजी असते. बिबवेवाडी-मुकुंदनगरात कच्च्या केळ्याची पावभाजी सहज मिळते, याचे श्रेय हॉटेलवाल्याच्या श्रद्धेइतकेच तेथील गिऱ्हाइकांच्या संख्येला आहे.

चौविहार पाळणाऱ्यांची अडचण वेगळी. पुण्यात नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैच्या आरंभी सव्वासातच्या आसपास. बहुतेक भोजनगृहांचे संध्याकाळचे दार सातला उघडते. हिवाळ्यात तर रात्रीच्या जेवणाचा प्रश्नच मिटतो; उरते ते उडपी हॉटेल, जे दिवसभर सुरू असते. व्यापाराच्या दृष्टीने पाहिले तर दुपारी तीन ते सात या वेळेत त्या भोजनगृहाची सारी टेबले रिकामी असतात व भाडे चालूच असते. साडेपाचला मर्यादित जिनसांचे जेवण थोड्या कमी दरात देणाऱ्या चालकाला या परिसरात गिऱ्हाइकांचा तोटा पडू नये. मोबाइलवरून जेवण मागविणाऱ्यांना वेळेचे बंधन कमी. पण तेथील दर हॉटेलच्या मूळ दरपत्रकाहून पुष्कळदा चढे असतात, वर बांधणीखर्च आणि पोचवणावळ. दोन्ही दरपत्रके एकदा शेजारी ठेवून पाहावीत आणि जमल्यास पायी जाऊन डबा भरून आणावा.

येथपर्यंतची सारी चर्चा हौसेच्या जेवणाची झाली. वाढदिवस, पाहुणे, रविवार. हौसेचे जेवण महाग झाले तर महिन्यात चार वेळांऐवजी दोन वेळा जाता येते. कोणाचे अडत नाही. खरा प्रश्न गरजेच्या जेवणाचा आहे. पत्नीच्या निधनानंतर एकटा राहिलेला सत्तरीचा गृहस्थ, परगावाहून सनदी लेखापालाच्या परीक्षेसाठी आलेला विद्यार्थी, दोन्ही मुले परदेशी असलेले आणि ओट्यापाशी उभे राहणे न झेपणारे दांपत्य, दुकानात नोकरी करणारा गावाकडचा तरुण यांना बाहेरचे जेवण दिवसातून दोनदा लागते. दीडशे रुपयांचे ताट दोन वेळा धरले, तर महिन्याचे ९,००० रुपये होतात. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला हा आकडा घरभाड्यासारखा वाटतो.

त्यांच्यासाठी अमर्याद थाळी निरुपयोगी आहे. सर्वांना एकच दर लावणाऱ्या थाळीत दोन पोळ्या खाणारा वृद्ध सहा पोळ्या खाणाऱ्या तरुणाचा खर्च उचलत असतो आणि ‘एका थाळीत दोघांनी जेवू नये’ ही पाटी भिंतीवर असतेच. मर्यादित ताट, ज्याला पूर्वी राइस प्लेट म्हणत, ते नव्या दरपत्रकांतून हळूहळू नाहीसे होत आहे. उरतात त्या घरगुती खाणावळी, पोळी-भाजी केंद्रे आणि डबे देणाऱ्या भगिनी. त्यांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर त्यांना वस्तू व सेवा कराची नोंदणीही लागत नाही. अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी मात्र त्यांनी अवश्य करावी.

ही खाणावळ बहुधा एखाद्या जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर, स्वतःच्या जागेत किंवा जुन्या भाड्यावर चालते. तोच तिचा आधार आणि तीच तिची नाजूक जागा. सोसायटी पुनर्विकासाला गेली की खाणावळ दोन-तीन वर्षांसाठी उठते. नवी इमारत उभी राहते, तेव्हा तळमजल्याच्या गाळ्याचे भाडे तिच्या आवाक्यात नसते. तेथे काचेच्या दाराचे कॅफे येते. परिसरातील खाण्याच्या ठिकाणांची संख्या कायम राहते, एखादे वेळी वाढतेही. पण ज्याला रोज जेवावयाचे आहे त्याचा एक पर्याय कमी झालेला असतो. पाट्या मोजणाऱ्याला हे दिसत नाही.

गरजेच्या जेवणाचा विचार पुण्याने पूर्वी केलेला आहे. डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ हा उपक्रम ना नफा ना तोटा या तत्त्वावर सुरू केला. राज्य सरकारची शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० रोजी आली : दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात, गिऱ्हाइकाकडून १० रुपये. शहरात केंद्रचालकाला एका ताटामागे एकूण ५० रुपये मिळावेत, असा हिशेब सरकारने धरला होता. म्हणजे शहरातील साधे, मर्यादित ताट त्या वर्षी पन्नास रुपयांत बसते, हे सरकारी कागदावरच मान्य झाले होते.

समाजाकडे तर याहून जुना नमुना आहे. तीर्थक्षेत्री भोजनशाळेत कूपन घेऊन, पंगतीत बसून, सूर्यास्तापूर्वी शुद्ध जेवण मिळते. शहरातील कित्येक सभागृहांना आणि कार्यालयांना स्वयंपाकघर जोडलेले आहे आणि ते लग्नसराई व पर्व सोडल्यास बंद असते. अशा ठिकाणी दुपारचे जेवण रविवार वगळून चालविल्यास काय होईल, हे उदाहरणादाखल मांडता येते. रोज ६० माणसे, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे १,५६० ताटे. धान्य-भाजी प्रत्येकी ३५ रुपये धरली, तर ५४,६०० रुपये. एक महाराज २५,००० रुपये आणि दोन मदतनीस प्रत्येकी १४,००० रुपये, मिळून ५३,०००. गॅस, वीज, साबण व किरकोळ १२,०००. एकूण १,१९,६०० रुपये. ताटामागे ७७ रुपये. हीच भोजनशाळा ६०,००० रुपये भाड्याच्या गाळ्यात चालविली, तर त्याच ताटाचे ११५ रुपये होतात. आचारी तोच, डाळ तीच. वरचे ३८ रुपये निव्वळ जागेचे आहेत.

या मांडणीत एक धोका आहे आणि तो विश्वस्तांनी आधीच पाहून ठेवावा. पगार व गॅसचा खर्च जेवणाऱ्यांच्या संख्येप्रमाणे कमी होत नाही. साठांऐवजी चाळीसच माणसे आली, तर ताट ९७ रुपयांच्या वर जाते आणि ८० रुपयांचे कूपन ठेवले असल्यास पहिल्याच महिन्यात तूट येते. वर्षभर देणगीतून तूट भरून काढण्याची सवय लागली, तर उपक्रम देणगीदाराच्या मर्जीवर येतो. त्याऐवजी महिन्याची कूपने १ तारखेपूर्वी आगाऊ विकली जावीत. ज्यांच्या घरी स्वयंपाक होतो, अशा दहा-पंधरा कुटुंबांनीही आठवड्यातून एक दिवस तेथेच जेवण्याचे ठरवून कूपने घेतली, तर एकट्या वृद्धांना पंगतीला सोबत मिळेल आणि साठाचा आकडा गाठणे सोपे जाईल.