झाडांचे काम शिकायचे आहे? डिग्री की डिप्लोमा, आधी हे समजून घ्या

दहावी-बारावीचे निकाल लागले की कोरेगाव तालुक्यात घरोघरी एकच चर्चा असते : पोराला, पोरीला कुठे घालायचे? झाडांची आवड असणाऱ्यांपुढे मुख्यतः दोन वाटा असतात. एक, चार वर्षांची कृषी किंवा वनशास्त्राची डिग्री. दुसरी, दहावीनंतरचा कृषी डिप्लोमा. घरी दोन एकर आले आणि ऊस असेल, तर चार वर्षांची फी, खोलीभाडे आणि मेस हा खर्च किरकोळ नसतो. त्यामुळे ‘डिग्री मोठी, डिप्लोमा छोटा’ एवढ्याच हिशेबावर निर्णय घेऊ नये.

झाडांची निगा हे वेगळे काम आहे का?

आहे. सांगली जिल्ह्यातील भोसे गावचा वटवृक्ष आठवा. सुमारे ४०० वर्षांचा मानला जाणारा हा वड रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात तुटणार होता. २०२० मध्ये लोक उभे राहिले, रस्त्याचा आराखडा बदलला आणि वड वाचला. २०२२ मध्ये मात्र तोच वड उन्मळून पडला. झाड तुटण्यापासून वाचवणे आणि वाचलेले झाड जगवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यासाठी आंदोलन लागते, दुसऱ्यासाठी जाणकार माणूस.

हा जाणकार काय करतो? झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात, हे त्याला माहीत असते. म्हणून तो बुंध्यापर्यंत काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक येऊ देत नाही. फांदी खोडाला मिळते तिथे फुगीर वळ असतो. तो वळ राखून छाटले तर जखम भरते. सरसकट शेंडा उडवला तर झाड आतून कुजू लागते, नवे फुटवे कमकुवत येतात आणि पुढच्या वादळात तेच आधी मोडतात. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी होणारी छाटणी बहुतेक वेळा नुसती तोडणीच असते.

कोणती वाट कुठे नेते?

• डिग्री : बारावी विज्ञान आणि सीईटीनंतर चार वर्षे. कराडला शासकीय कृषी महाविद्यालय आहे, वनशास्त्रासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात महाविद्यालय आहे. एमपीएससीची कृषी सेवा, वनक्षेत्रपाल, पुढे संशोधन ही दारे डिग्रीशिवाय उघडत नाहीत.

• डिप्लोमा : दहावीनंतर, कमी वेळात आणि कमी खर्चात. कृषी सेवक पदाला डिप्लोमा चालतो. रोपवाटिका, फळबागा, उद्यानांची ठेकेदारी इथे लवकर हात बसतो.

• आयटीआय : काही ठिकाणी उद्यानविद्येचा एक वर्षाचा ट्रेड असतो. लगेच कामाला लागायचे असेल तर उपयोगी.

यातला एकही अभ्यासक्रम मोठ्या झाडावर दोरीने चढणे, सुरक्षितपणे करवत चालवणे किंवा पोकळ बुंध्याचा धोका ओळखणे एवढ्यासाठी आखलेला नाही. ते प्रत्यक्ष कामावरच शिकावे लागते. जगभरच्या वृक्षतज्ज्ञांच्या ‘इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर’ या संस्थेच्या प्रमाणपत्र परीक्षेलाही साधारण तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. संबंधित डिग्री असेल तर ही अट सैल होते, पण अनुभव पूर्ण माफ होत नाही.

मग निवडायचे काय?

माझे मत स्पष्ट आहे. अधिकारी व्हायचे असेल किंवा बारावी विज्ञान चांगल्या गुणांनी झाले असेल, तर डिग्रीच घ्या. पण मूल दहावीला असेल, पुस्तकापेक्षा मातीत रमत असेल आणि घरची ओढाताण असेल, तर डिप्लोमा आधी करा आणि दोन-तीन वर्षे हाताने काम करा. याला कमीपणा मानू नका. मात्र शास्त्र सोडू नका. नुसता हात असला की फांदी चुकीच्या जागी तुटते. नुसता कागद असला तर झाडाखाली उभे राहून सूचना देण्यापलीकडे काही जमत नाही.

प्रवेशाआधी तीन प्रश्न विचारा. संस्था कृषी विद्यापीठाशी संलग्न आहे का? आठवड्याला प्रत्यक्ष काम किती तास? या डिप्लोमानंतर डिग्रीला कोणत्या वर्षात प्रवेश मिळतो? शेवटचे उत्तर विद्यापीठाच्या चालू नियमांत स्वतः पाहा, शेजारच्या मुलाच्या जुन्या अनुभवावर जाऊ नका.

काम मिळेल का?

शहरी भागातील झाडांसाठी राज्यात १९७५ पासून कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना ‘हेरिटेज’ दर्जा मिळाला. कायद्यात वृक्षगणना आहे, वृक्ष प्राधिकरण आहे. पण छाटणीचे टेंडर निघते तेव्हा कमी दराला काम जाते आणि करवत कोणाच्या हातात आहे हे विचारले जात नाही. टेंडरमध्ये ‘प्रशिक्षित माणूस हवा’ ही एक ओळ आली, तर डिप्लोमाधारकांना गावाजवळ काम मिळेल. झाडांची आवड असलेल्या मुलाला पुण्या-मुंबईच्या गाडीत बसवण्याआधी ही मागणी आपण आपल्या नगरसेवकाकडे करायला हवी.