पिंपळीचे योगवाहित्व आणि केमोथेरपीचा रुग्ण

केमोथेरपी चालू असलेला रुग्ण आपल्याकडे प्रत्यक्ष कर्करोगाच्या चिकित्सेसाठी क्वचितच येतो. अन्नावरची वासना गेलेली असते, तोंड आलेले असते, मळमळ थांबत नाही. त्यावर त्याला काही सौम्य औषध हवे असते. अग्निमांद्य दिसताच आपला हात सवयीने त्रिकटूकडे जातो. औषधाच्या दुकानात तर मिरीचा अर्क घातलेली हळदीची कॅप्सूल कोणी न विचारताच हाती पडते. माझा आक्षेप आहे तो या सहजतेला.

पिंपळी योगवाही आहे, हे आपणांस नव्याने सांगावयास नको. ज्या विमानस्थानात चरकाने तिला योगवाही म्हटले, तेथेच तिच्या अतिसेवनाचा निषेधही केला आहे. तो मात्र आपण सोयीने विसरतो. १९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी २० मिलिग्रॅम पिपरिनच्या योगाने मानवी शरीरात कर्क्युमिनची उपलब्धता २० पट झाल्याचे दाखविले. पुढे २००९ मध्ये पिपरिनच्या जोडीने रिफाम्पिसिनची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणणारे क्षयरोगाचे औषध भारतात आले. हे दाखले आपण परिषदांतून अभिमानाने देतो. मग हेच योगवाहित्व केमोथेरपीच्या औषधांपाशी येऊन निष्क्रिय होईल, असे कोणत्या आधारे मानावयाचे?

डोसिटॅक्सेलचेच पाहा. यकृतातील ज्या विकरामुळे त्याचे विघटन होते, त्या विकराला पिपरिन अवरोध करते, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. रुग्णातही तसे घडले तर औषध रक्तात अधिक काळ राहील, श्वेतपेशी घटतील, तोंड अधिकच येईल. म्हणजे ज्या त्रासासाठी तो आपल्याकडे आला, तोच वाढावयाचा. ‘मिरी तर रोजच्या आमटीतही असते’ असे काही वैद्यबंधू म्हणतात. आमटीतील चिमूट आणि कॅप्सूलमधील अर्क यांतला मात्राभेद वैद्यानेच विसरावा, हे नवल होय.

याचा अर्थ रुग्णाला रिकाम्या हाती परत पाठवावे असा नव्हे. मुखपाकात यष्टिमधूच्या काढ्याचा गंडूष द्यावा. तो थुंकून टाकावयाचा असतो. सुंठीविषयी २०१२ मध्ये अमेरिकेत ५७६ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नेहमीच्या वांतीरोधक औषधांसोबत रोज अर्धा ते एक ग्रॅम सुंठीने केमोच्या दिवसाची मळमळ घटली. तीही रक्तातील बिंबिका कमी असताना देऊ नये.

परंतु केमोच्या औषधांचा कागद पाहिल्यावाचून पोटात घेण्याचे काहीही लिहू नये, आणि लिहिलेल्या कल्पातील प्रत्येक द्रव्य मात्रेसह नमूद केलेली चिठ्ठी रुग्णाच्या कर्करोगतज्ज्ञाकडे जावी. दुकानदार बंधूंनीही अशी कॅप्सूल देण्यापूर्वी ‘केमो चालू आहे का?’ एवढे विचारावे; उत्तर होकारार्थी आल्यास ती विक्री सोडून द्यावी.